आधी कार्ड बाहेर काढा : छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या तक्रारी पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आणि ईमेल मिळून जे आलं ते नीट वाचायला मला दोन रविवार लागले. बहुतेक कॅमेरे दहा ते अठरा वर्षांपूर्वीचे, मधली बरीच वर्षं खणात पडून राहिलेले आणि आता घरातल्या तरुण मुलांनी हौसेनं बाहेर काढलेले. मला याचा मनापासून आनंद झाला. एकट्या २०१० सालात जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यातले बहुसंख्य असेच, लेन्स न बदलता येणारे होते. त्यातले कितीतरी आजही एखाद्या किरकोळ कारणासाठी अडून बसले आहेत.

मी चोवीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करते. वडिलांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून फिल्मच्या कॅमेऱ्यांवर हात बसवला. पहिला डिजिटल कॅमेरा माझ्यापुढे ठेवताना ते म्हणाले होते, "आधी आतलं कार्ड काढून बाजूला ठेव. माणूस कॅमेरा बिघडला म्हणून येतो, पण त्याची झोप उडालेली असते ती फोटोंपायी." तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं कार्ड मी आधी काढते, त्याची प्रत करते आणि मगच स्क्रूला हात लावते. खालच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात तिथूनच आहे असं समजा, दरवेळी लिहिलं नसलं तरी.

प्रश्न : ताई, समुद्रावरून आल्यापासून माझ्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते. कर्रकर्र आवाज होतो, पडद्यावर 'लेन्स एरर' येतं आणि कॅमेरा आपोआप बंद होतो. हातानं हलकेच ओढून पाहू का?

उत्तर : ओढू नका. दाबूही नका. आत काय चाललंय ते आधी सांगते, म्हणजे हात आपोआप थांबेल.

बाहेर येणारी ती लेन्स म्हणजे एकात एक बसलेल्या दोन-तीन पोकळ नळ्या असतात. नळीच्या अंगावर तिरक्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांतून बारीक खुंट्या सरकतात. एक चिमुकली मोटर, तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांची माळ आणि त्या माळेच्या टोकाला ही नळी. नळी कुठवर आली हे कॅमेरा सतत मोजत असतो. ठरलेल्या वेळात ती ठरलेल्या जागी पोचली नाही, की तो मोटरची वीज तोडतो आणि 'लेन्स एरर' लिहितो. म्हणजे तुम्हाला दिसतोय तो संदेश मोटर आणि दाते वाचवण्यासाठी आहे. नळ्यांमधली फट इतकी अरुंद असते की वाळूचा एक कण सगळं अडवू शकतो. अशा वेळी बाहेरून ओढलं तर कण जागचा हलत नाही, खुंटी मात्र खाचेतून निसटते किंवा चाकाचा दाता मोडतो. वाळूचा कॅमेरा मी बरेचदा जिवंत करून परत दिला आहे. वाळू अधिक ओढाओढ, असा कॅमेरा क्वचितच.

आता काय करायचं ते. कार्ड काढा. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा आणि हे टाळू नका, कारण मोटरला सुरुवातीच्या क्षणी सर्वांत जास्त करंट लागतो आणि थकलेली बॅटरी हुबेहूब हाच संदेश आणते. निव्वळ बॅटरी बदलून बरे झालेले 'लेन्स एरर'चे कॅमेरे मी कितीतरी पाहिले आहेत. मग कॅमेरा लेन्स जमिनीकडे करून धरा. रबरी फुगा दाबून हवा मारायचा साधा ब्लोअर मिळतो, त्यानं नळ्यांच्या फटींतून गोल फिरत हवा मारा. अगदी मऊ, कोरडा ब्रश त्याच फटीत फिरवा. पातळ कागदाची पट्टी फटीत सरकवून कडेकडेनं एक फेरा मारला तरी कण बाहेर येतात. लेन्स खालीच ठेवून कॅमेरा चालू करा, बंद करा. दर वेळी नळी थोडी पुढे जात असेल तर पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. पाच-सहा वेळा तिथल्या तिथेच अडत असेल तर थांबा, कारण त्यापुढे दाते झिजतात.

तेलाचा थेंब सोडावासा वाटेल, तो सोडू नका. तेल धूळ धरतं आणि हळूहळू शटरच्या पात्यांवर जाऊन बसतं, मग एका बिघाडाचे दोन होतात. डब्यातली दाबाची हवाही नको. तिचा जोर कण आणखी खोल ढकलतो आणि डबा तिरका झाला तर गार द्रव थेट काचेवर उडतो.

कॅमेरा पडलेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. तो डोळ्यासमोर आडवा धरा आणि नळीची कड अंगाशी समांतर आहे का ते बघा. एका बाजूनं तिरकी दिसली तर खुंटी सुटली आहे. तिथे ब्लोअरचा उपयोग नाही, ते काम दुरुस्तीच्या टेबलावरचं.

घरी कॅमेरा उघडू नका हेही याच उत्तरात सांगते, कारण व्हिडिओ बघून स्क्रू काढलेले तीन कॅमेरे याच महिन्यात माझ्याकडे आले. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा एक भाग, कॅपॅसिटर, असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढून ठेवल्यावरही ते बराच काळ तसेच राहतात. वडिलांसारख्या मुरलेल्या माणसालाही एकदा तो झटका बसलेला मी शेजारी बसून पाहिला आहे. हातातला स्क्रूड्रायव्हर समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला आणि ते कितीतरी वेळ बोलले नाहीत.

प्रश्न : ताई, नातवाच्या हातून कार्ड फॉरमॅट झालं. त्यात माझ्या पत्नीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो होते. कॅमेऱ्यात आता 'फोटो नाहीत' असं दिसतं. काही होऊ शकतं का? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : काका, होऊ शकतं. तुमचं पत्र वाचल्यावर मी दुसरं काही न करता आधी हे उत्तर लिहायला बसले. तुम्ही कार्ड काढून डबीत ठेवलं आहे असं लिहिलंत. त्याहून चांगली गोष्ट तुम्ही करू शकला नसता.

कार्डावर फोटो असतात आणि शिवाय कोणता फोटो कुठून सुरू होतो याची एक नोंदवही असते. 'डिलीट' किंवा साधं 'फॉरमॅट' केलं की कॅमेरा ती नोंदवही कोरी करतो. फोटो पुसत बसायला वेळ लागतो, म्हणून तो तेवढं करत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं जागेवरच असतात, तसं. धोका पुढे असतो. त्याच कार्डावर नवा फोटो काढला की तो या 'मोकळ्या' पानांवर लिहिला जातो आणि खालचं जुनं मग कोणालाच परत आणता येत नाही. एक गृहस्थ असंच कार्ड घेऊन आले होते. कार्ड नीट चालतंय का हे बघायला त्यांनी मधल्या काळात खिडकीबाहेरचे चाळीसेक फोटो काढले होते. बाकीचे मिळाले. त्या चाळिसांखाली जे होतं ते गेलं.

तर कार्ड कॅमेऱ्यात परत घालू नका. कार्डाच्या कडेला जी छोटी सरकती खिटी असते ती 'लॉक'कडे करा. कार्ड रीडरनं संगणकाला जोडा. संगणक 'हे कार्ड फॉरमॅट करू का?' असं विचारेल तर 'नाही' म्हणा. फोटोरेक नावाची मोफत प्रणाली आहे, ती मी स्वतः वापरते. ती नोंदवहीकडे बघतच नाही. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेनं होते, ती खूण शोधत ती सगळं कार्ड पानापानानं चाळते. सापडलेले फोटो संगणकावरच साठवा, त्याच कार्डावर कधीही नाही. फाइलींची मूळ नावं जातील आणि ढीग विस्कटलेला असेल. त्यानं घाबरू नका. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ प्रत्येक फाइलीच्या पोटात लिहिलेली असते, तिच्या आधारे सगळा क्रम पुन्हा लावता येतो. काही फोटो अर्धे करडे निघतील, व्हिडिओ फोटोंइतके चांगले परत येत नाहीत, कारण मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असू शकते.

एक अपवाद तुम्हाला सांगायलाच हवा. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा पर्याय असतो आणि तो खरोखरच सगळं पुसतो. त्यासाठी मेनूत मुद्दाम वेगळी खूण करावी लागते, त्यामुळे नातवाकडून ती झाली असण्याचा संभव कमी.

आणि आणखी एक करा. कार्ड बाहेर असतानाच कॅमेरा चालू करा आणि फोटो पाहायचं त्रिकोणाचं बटण दाबा. त्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना स्वतःची थोडी अंतर्गत मेमरी असे. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे जातात आणि कार्ड घातलं की दिसेनासे होतात. भंगारात द्या म्हणून माझ्याकडे ठेवलेल्या एका कॅमेऱ्यात मला असे अकरा फोटो मिळाले होते. मालकिणीला फोन केला तेव्हा त्या अर्ध्या तासात दारात होत्या. मेनूत 'कॉपी' असा पर्याय असतो, त्यानं हे फोटो दुसऱ्या, कोऱ्या कार्डावर घेता येतात.

नीट जमेना तर कुणा जाणत्याला शेजारी बसवा, घाई करू नका. कार्ड नुसतं पडून राहिल्यानं लगेच काही बिघडत नाही.

प्रश्न : नवं ६४ जीबी कार्ड आणलं, पण कॅमेरा 'कार्ड एरर' म्हणतो. जुनं कार्ड चालतं. नवं कार्ड खराब निघालं का?

उत्तर : कार्ड चांगलं आहे, कॅमेऱ्याला ते वाचता येत नाही. दिसायला ही कार्डं सारखीच, पण पिढ्या वेगवेगळ्या. पहिली साधी एसडी, जास्तीत जास्त २ जीबी. २००६ साली एसडीएचसी आली, तिची मर्यादा ३२ जीबी. २००९ साली एसडीएक्ससी, ती ३२ जीबीच्या पुढची. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवं वाचत नाही. तुमचा कॅमेरा २००८ सालचा आहे असं लिहिलंय, तेव्हा १६ किंवा ३२ जीबीचं एसडीएचसी घ्या. २००६च्या आधीचा असेल तर मात्र २ जीबीचंच हवं. जुन्या काळचे कार्ड रीडरही असेच अडतात, त्यामुळे संगणकावर कार्ड दिसलं नाही तर दोष आधी रीडरवर धरून तपासा. नवं कार्ड संगणकात न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं.

'कार्ड लॉक्ड' असं येतं म्हणून ज्यांनी विचारलंय त्यांनी वर सांगितलेली कडेची खिटी पाहावी. ती सरकून गेलेली असते. मोडून पडली असेल तर त्या खोबणीवर पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम होतं, फक्त पट्टी सोन्याच्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझा कॅमेरा पेन्सिल सेलवर चालतो. नवे कोरे सेल घातले तरी आठ-दहा फोटोंत 'बॅटरी बदला' येतं. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले तर महिनोन् महिने चालतात! कॅमेरा करंट खातो का?

उत्तर : तुमच्या घड्याळाच्या निरीक्षणातच उत्तर आहे. घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो. कॅमेऱ्याला फ्लॅश भरताना आणि लेन्स हलवताना एकदम मोठा घोट हवा असतो. साध्या अल्कलाइन सेलमध्ये वीज भरपूर असते, पण ती भराभर बाहेर देणं त्याला झेपत नाही. घोट घेतल्याक्षणी त्याचा दाब १.५ व्होल्टवरून धाडकन खाली येतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले.

यावर उपाय म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते पाहून कमी वाटेल, पण मोठा घोट देतानाही ते दाब टिकवून धरतात. त्यातही 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचे घ्या, पडून राहिले तरी बराच चार्ज धरून ठेवतात. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असते, ती बदला, नाहीतर बॅटरीची खूण चुकीची दाखवली जाईल. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

सेलच्या खणात पांढरी-हिरवी पूड दिसत असेल तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून येतो तो अल्कली पदार्थ, म्हणून कानकोरणीच्या कापसाला थोडं व्हिनेगर लावून पूड काढा, मग ओलसर कापूस, मग पूर्ण कोरडं करा. नुसता डाग असेल तर पेन्सिलीचं खोडरबर पुरे.

प्रश्न : ताई, घरातल्या काळोखात फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोंत हवेत तरंगणारे पांढरे गोल दिसतात. घरच्यांना भीती वाटते आहे. — बारावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : घाबरू नका म्हणून घरी सांग, आणि नुसतं सांगू नकोस, दाखव. काळोख्या खोलीत एक जुनी चादर झटक आणि लगेच फ्लॅशसह फोटो काढ. गोलच गोल येतील. त्याच जागी फ्लॅश बंद करून दिव्याच्या उजेडात काढ. एकही येणार नाही. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी लगत असतो. लेन्ससमोर हातभराच्या आत तरंगणारा धुळीचा कण त्या प्रकाशानं झगझगीत उजळतो. तो इतका जवळ असतो की त्यावर फोकस होत नाही, म्हणून त्याची फुगलेली गोल चकती उमटते. पावसाच्या थेंबांचंही तसंच होतं. माणसांचे डोळे लाल येतात तेही फ्लॅश लेन्सच्या इतक्या जवळ असल्यामुळेच. प्रकाश बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावरून सरळ लेन्समध्ये परततो. खोलीतले दिवे लावून बाहुल्या लहान होऊ दिल्या की लाली कमी होते.

प्रश्न : आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक करडा डाग येतो. लेन्स पन्नास वेळा पुसली.

उत्तर : लेन्स पुसणं थांबवा, तिच्यावरचा थर विनाकारण झिजेल. पुढच्या काचेवरचा ठिपका कधी असा ठळक उमटत नाही, तिथला बोटाचा ठसा सगळाच फोटो धुरकट करतो. दर वेळी त्याच जागी येणारा डाग म्हणजे आत सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, बसलेली धूळ. झूम आत-बाहेर होताना नळी पंपासारखी हवा ओढते आणि तिच्याबरोबर कण आत जातात. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो पूर्ण झूम करून आणि एक झूम न करता काढा. झूममध्ये डाग जास्त गडद दिसला तर खात्री झाली समजा. ही सफाई कॅमेरा उघडूनच होते. काहीजण लेन्सला व्हॅक्यूम क्लीनर लावतात. मी लावत नाही आणि कुणाला सांगतही नाही. जितकी धूळ ओढली जाते तितकीच नवी आत येऊ शकते, आणि नाजूक पाती वाकतात ते वेगळं.

याच्याशी गल्लत होणाऱ्या दोन गोष्टी थोडक्यात. शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या रात्रीच्या फोटोत लाल-निळे ठिपके तारे नसतानाही चमकत असतील तर ते सेन्सरचे तापलेले पिक्सेल, सगळ्याच कॅमेऱ्यांत थोडेफार असतात. ते घालवण्यासाठी कॅमेरा शटर बंद ठेवून तितक्याच वेळाचा दुसरा काळा फोटो काढतो आणि पहिल्यातून वजा करतो. पंधरा सेकंदांच्या फोटोनंतर आणखी पंधरा सेकंद 'बिझी' दिसतं ते त्यामुळे, कॅमेरा अडकलेला नसतो. आणि दिव्याकडे रोखल्यावर पडद्यावर उभी जांभळी रेघ येते ती सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरची खोड. फोटो घेताना शटर बंद होतं म्हणून ती फोटोत सहसा उतरत नाही, व्हिडिओत उतरते.

प्रश्न : फोटो काळेकुट्ट येतात, कधी जांभळट आणि आडव्या लाटा असलेले. मेनू मात्र स्वच्छ दिसतो.

उत्तर : जुना एखादा फोटो पडद्यावर लावून पाहा. तो नीट दिसला तर पडदा निर्दोष. आता कॅमेरा आपल्याकडे वळवून लेन्समध्ये बघत बटण दाबा. आत काळी पाती बंदच राहिली तर शटर अडकलं आहे आणि ते पुष्कळदा सुटतं. पाती नीट उघडत-मिटत असतील आणि तरी लाटा-जांभळेपणा असेल तर सेन्सर गेला.

तुमचा कॅमेरा २००४ सालचा आहे म्हणून हे सांगते. २००५ सालच्या ऑक्टोबरात अनेक कंपन्यांनी एकापाठोपाठ जाहीर केलं होतं, की काही सीसीडी सेन्सरच्या आतली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटते. लक्षणं अगदी तुमच्या पत्रातली. त्या वेळी वर्षानुवर्षं हे सेन्सर मोफत बदलून मिळत. आता सुटे भाग नाहीत. त्याच मॉडेलचा दुसऱ्या कारणानं मोडलेला कॅमेरा मिळाला तर मी दोघांचा एक करते, एरवी मात्र नाइलाज आहे. तुमच्या हातून काही चूक झालेली नाही, एवढं मनात पक्कं ठेवा.

प्रश्न : संध्याकाळी घरात मुलांचे फोटो हलल्यासारखे येतात. शिवाय बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, हसू निघून जातं. कॅमेरा म्हातारा झाला का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, त्याला उजेड कमी पडतो. या कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती, जवळपास तीसपट क्षेत्रफळ. उजेड पुरत नाही तेव्हा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात मूल हलतं.

आधी फोटो मोठा करून बघा. भिंत, कपाट, मूल सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं असेल तर हात हलला. मागचं कपाट स्वच्छ आणि मूल पुसट असेल तर मूल हललं. मूल पुसट, पण मागचा पडदा धारदार असेल आणि ओढल्याची खूण कुठेच नसेल, तर फोकस पडद्यावर बसला. हात हलला असेल तर कोपरं अंगाशी घ्या, टेबलाचा आधार घ्या. मूल हलत असेल तर आधारानं काही साधत नाही. तिथे मेनूतला आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, ४०० किंवा ८०० करा, थोडा दाणेदारपणा येईल तो चालवून घ्या, आणि झूम करू नका, पायांनी जवळ जा. झूम केलं की या लेन्समधून आत येणारा उजेड बराच घटतो.

उशीर होतो तो फोकसचा. बटण अर्धं दाबून धरा, हिरवी खूण आली की बोट तसंच ठेवा, आणि हसू आलं की उरलेलं अर्धं दाबा. एवढी एक सवय लावलीत तर याच कॅमेऱ्यातून तुम्हाला वेगळेच फोटो मिळतील. मी दुरुस्त केलेला कॅमेरा परत देताना प्रत्येकाला ही अर्ध्या बटणाची गोष्ट करून दाखवते, आणि निम्म्याहून जास्त लोकांना ती इतक्या वर्षांत कुणी सांगितलेली नसते.

प्रश्न : बॅटरी चार्ज करायला काढली की तारीख-वेळ पुसली जाते.

उत्तर : घड्याळासाठी आत एक वेगळा, छोटा सेल असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवरून चार्ज होतो, तेव्हा पूर्ण चार्ज झालेली बॅटरी आत घालून कॅमेरा एक दिवस तसाच ठेवा. तरी टिकेना तर तो सेल थकला. काही मॉडेलांत बॅटरीच्या झाकणाजवळ त्याचा वेगळा खण असतो, बाकीच्यांत तो झाळलेला असतो. ज्या सहलीचे सगळे फोटो चुकीच्या तारखेचे झाले आहेत ते एकेक दुरुस्त करत बसू नका. एक्झिफटूल या मोफत प्रणालीत सगळ्यांची वेळ एकाच आज्ञेत तितकीच पुढे किंवा मागे सरकवता येते.

प्रश्न : ताई, काल होडीतून उतरताना कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडला. लगेच काढला. तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. अजून चालू करून पाहिलेला नाही.

उत्तर : चालू केला नाहीत हे फार चांगलं केलंत. या ईमेलचं उत्तर मी छापण्याची वाट न बघता त्याच दिवशी पाठवलं होतं, बाकीच्यांसाठी इथे देते.

तांदळातून बाहेर काढा. तांदूळ आतलं पाणी काही विशेष ओढत नाही, त्याची पूड मात्र फटींत जाते. बॅटरी आणि कार्ड ताबडतोब बाहेर. पाण्यापेक्षा घातक असते ती वीज, कारण ओल्या सर्किटमधून करंट वाहिला की धातू तासाभरात खाल्ला जातो. साधं पाणी असेल तर सगळी झाकणं उघडून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस. केस वाळवायच्या गरम हवेचा झोत नको.

समुद्राचं पाणी असेल तर मी खोटी आशा लावणार नाही. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं, आणि हवेतला ओलावा ओढून पुढे आठवडेच्या आठवडे पट्ट्या कुरतडत राहतं. पहिल्या दिवशी चालू झालेला कॅमेरा महिन्याभरानं बंद पडतो तो यामुळे. लगेच एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन उघडून धुतला तर काहीतरी वाचण्याची शक्यता, एरवी नाही.

कार्डाची गोष्ट वेगळी आहे. त्यातली चिप राळेत पक्की बंद केलेली असते, पाण्यानं तिचं सहसा काही बिघडत नाही. कार्ड स्वच्छ गोड्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या, मऊ कापडानं टिपा, दोन दिवस सावलीत वाळू द्या. सोनेरी पट्ट्या कोरड्या आणि स्वच्छ दिसल्या की रीडरमध्ये घाला आणि सगळ्यात आधी प्रत करा. काय काय निघालं ते मला नक्की कळवा.